सांध्यातले खडे आणि घरातली वडीलधारी माणसे

(संस्थेच्या सभेत केलेल्या भाषणाचा सारांश)



मी डॉक्टर नाही, बँकेतला लिपिक आहे. पेन्शनसाठी लंगडत येणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : "वात आहे, वयच झाले."

पण प्रत्येक सांधेदुखी वयाची नसते. रक्तातील युरिक ॲसिड दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले, की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू लागतात. मग एखाद्या रात्री पायाचा अंगठा लाल होऊन सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. हा गाउट. आयुर्वेदातील 'वातरक्ता'चे वर्णन याच्याशी जुळते.

हा श्रीमंतांचा रोग, हा समज सोडून द्यावा. मूत्रपिंड कमजोर असेल, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर कष्टकऱ्यालाही तो होतो. पाळी गेल्यावर स्त्रियांमध्येही त्याचे प्रमाण वाढते.

साठीनंतर गुडघा किंवा मनगट अचानक सुजले, तर स्फटिक कॅल्शियम पायरोफॉस्फेटचेही असू शकतात. सांध्यातले पाणी सुईने काढून खास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की फरक कळतो. मॅकार्टी व हॉलंडर या अमेरिकन डॉक्टरांनी १९६१ साली गाउटचे स्फटिक असे ओळखून दाखवले. ऐन दुखण्यात रक्ताचा रिपोर्ट नॉर्मलही येतो, हे लक्षात ठेवावे.

आपल्या कुंपणावर पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत गाउटवरचे कोल्चिसिन असते. म्हणून तिचा कंद कोणी उगाळून घेऊ नये. तो जीवघेणा आहे. दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळीही मूत्रपिंड बिघडवू शकते. युरिक ॲसिड ६ च्या खाली ठेवणारी ॲलोप्युरिनॉलसारखी गोळी मात्र, दुखणे थांबले म्हणून आपल्या मनाने सोडू नये. दारू टाळावी, सुकट, तारली, काळीज बेताने खावे. डाळी, पालेभाज्या बंद करण्याची सहसा गरज नसते.

विद्यार्थी मित्रांनो, आजी-आजोबांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. सांधा सुजून ताप आला, तर त्याच दिवशी जा. आत पू झालेला असू शकतो. शिकलेल्या मुलाने घरासाठी एवढे केले, तर कितीतरी म्हाताऱ्या पावलांना पुन्हा जमिनीवर सुखाने टेकता येईल.