अर्धा किलो वजन, रोज कमरेला

(ह्यूस्टनच्या मराठी मंडळाच्या वार्षिक व्याख्यानाचा हा मजकूर ध्वनिमुद्रणावरून उतरवला आहे. श्रोत्यांचे प्रश्न जिथे आले तिथेच ठेवले आहेत. – संपादक)

अध्यक्षांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, औंधवर बोलतो. यमाईचा डोंगर, पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कार. ते म्हणाले, काका, इतिहास आमच्याकडे दर वर्षी होतो. यंदा मंडळातल्या काही घरांत पिस्तूल आलंय आणि त्याहून जास्त घरांत त्यावरून नवरा-बायकोचं वाजतंय. तुम्ही फौजेत हत्यारं शिकवलीत, त्यावर बोला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तोंडओळखच आहे, पण मुलाचे मित्र म्हणजे घरचेच, म्हणून उभा राहिलो.

पिस्तूल घ्यावं की नाही, यात मी पडणार नाही. ज्यांचं ठरलंय त्यांनी कोणतं घ्यावं आणि अंगावर कसं बाळगावं, एवढंच सांगतो. ग्लॉक म्हणजे काय, नऊ मिमी म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. परवा जेवताना एका पोरानं मला सगळ्या कंपन्यांची नावं मॅगझीनच्या आकड्यांसकट म्हणून दाखवली.

एक गोष्ट मात्र त्याला माहीत नव्हती. १ सप्टेंबर २०२१पासून टेक्सासात एकवीस वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, एवढं सगळ्यांनी ऐकलंय. पण केंद्राचा कायदा वेगळा आहे. एच-१बीवर असलेल्या, विद्यार्थी म्हणून आलेल्या किंवा माझ्यासारखं पोराकडं पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला हत्यार किंवा काडतूस जवळ ठेवायलाच बंदी आहे. शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय धरून चालू नका. ग्रीन कार्डवाल्यांचं तसं नाही. म्हणजे या खोलीतल्या बऱ्याच जणांचा प्रश्न इथंच संपला. मुलाबरोबर मी रेंजवर गेलो होतो, पण काचेमागं बसून बघितलं. आयुष्य फौजेच्या ९ मिमी १ए पिस्तुलावर गेलं, तरी इथं हात लावला नाही.

(प्रश्न: नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, बायको अजून व्हिसावर आहे. घरात चालेल का?)

पिस्तूल त्याचं, कुलूपही त्याचं, आणि किल्ली किंवा आकडा फक्त त्याच्याकडं. तुमच्या हाताला लागेल असं ते राहिलं, तर उद्या कोणी म्हणेल की ते तुमच्याही ताब्यात होतं. हे आधी वकिलाला विचारा, मग दुकानात जा.

आता निवडीकडं येतो. इथं आल्यापासून एक तुलना माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या सरकारी आयुध कारखान्यानं जानेवारी २०१४मध्ये ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, खास बायकांसाठी म्हणून. .३२ बोअर, सहा राऊंड, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन पाचशे ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. इथं सिग कंपनीचं पी३६५ आहे, २०१८चं. त्याचंही वजन पाचशे ग्रॅमच्याच आसपास, पण राऊंड दहा आणि नळीत एक, तेही नऊ मिमीचे. वजन सारखं, मग फरक कुठं पडला? कायद्यात पडला. आपल्याकडं नऊ मिमी सामान्य नागरिकाला बंद आहे, म्हणून कारखाना .३२मध्येच अडकला.

पण मला खटकतं ते दुसरंच. निर्भीक ग्राहकाला मिळायचं ते दागिन्याच्या पेटीसारख्या मरून रंगाच्या पेटीत! मग ते दागिन्यासारखंच वापरलं जातं. एरवी लॉकरमध्ये, खंडेनवमीला हळदकुंकू लावून पाटावर, आणि लग्नाकार्यात कमरेला. आमच्याकडं सातारा-सांगलीत रिव्हॉल्व्हरवाल्या माणसाचा शर्ट नीट बघा. आतला उंचवटा चार लोकांना दिसेल असाच तो शिवलेला असतो. आता गंमत ऐका. आपल्या २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं असावं लागतं. टेक्सासात २०१६पासूनच ते होल्स्टरमध्ये उघडं ठेवायलाही मुभा आहे. तरी इथला शहाणा माणूस ते असं झाकतो की शेजारी बसणाऱ्याला पत्ता लागू नये, आणि जिथं झाकायचा नियम आहे तिथं मिरवायची हौस! मला हे इतकं आवडलं की गावाकडं फोन करून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, मग लायसन काढायचं कशाला?

थट्टा सोडा, निवडीचं सगळं मर्म त्यात आहे. मिरवायचं हत्यार दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी घेतात. लपवायचं हत्यार स्वतःच्या कमरेसाठी, कापडासाठी आणि बसण्या-उठण्यासाठी घ्यायचं असतं.

(प्रश्न: काका, वाघनखं हेही लपवायचंच शस्त्र ना? ती साताऱ्याला आली तेव्हा तुम्ही बघितलीत का?)

बघितली. जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात आली, ठराविक मुदतीसाठी. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती तिकडं गेलेली. महाराजांनी वापरलेली तीच हीच, असं ते संग्रहालयही खात्रीनं सांगत नाही. रांगेतल्या लोकांना त्याचं काही नव्हतं, आणि मलाही रांगेत उभं असताना नव्हतं.

पण प्रश्न चांगला विचारलात, कारण इथले सगळे मला हाच दाखला देतात. अफझलखानाशी प्रतापगडची भेट १० नोव्हेंबर १६५९ची. अंगरख्याखाली चिलखत, पागोट्याखाली लोखंडी टोप, आणि बखरींत बिचवा व वाघनखं. ही निवड कशी झाली बघा. माणूस ठरलेला, दिवस ठरलेला, जागा आपण बांधलेला शामियाना. तो मिठी मारणार हेही धरलेलं. मिठीत तलवार उपसता येत नाही, तिथं मुठीत मावेल तेच चालतं. निवड अचूकच होती, पण त्या एका भेटीपुरती. वाघनखं घालून कोणी भाजी आणायला गेलं नाही.

नाशिकचंही तसंच. लंडनहून सावरकरांनी १९०९ साली वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीनच्या पेटीच्या खोट्या तळात घालून पाठवली. २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा खेळ होता. अनंत कान्हेऱ्यांनी तिथं कलेक्टर जॅक्सनला तसल्याच ब्राउनिंगनं गोळ्या घातल्या. वय सतरा-अठरा, आणि पुढच्या एप्रिलात ठाण्याला फाशी. ब्राउनिंगचं ते पहिलं खिशातलं मॉडेल .३२चं, सात राऊंडांचं. परवानेवाल्या भारतीयाला आजही सरकारी कारखान्याचं ‘अशनी’ पिस्तूल .३२मध्येच मिळतं. शंभरावर वर्षं गेली, बोअर तोच.

तर प्रतापगड काय, विजयानंद काय, दोन्हीकडं एका वेळेपुरतं लपवलेलं हत्यार होतं. तुमचं उलटं आहे. तुम्ही ते रोज बाळगणार, आणि देवाच्या दयेनं वर्षानुवर्षं काहीच घडणार नाही. म्हणून जे काहीच घडत नाही त्या दिवसांसाठी पिस्तूल निवडा. गाडीत बसताना, दुकानात वाकताना, पोराला कडेवर घेताना, संडासात पँट सैल करताना ते कुठं असेल? दुकानदार यातलं काही विचारत नाही. तो राऊंड सांगतो.

आकारावर माझं मत अनेकांना पटणार नाही. लहानात लहान घेऊ नका. कपड्याखाली खरोखर झाकेल असं मोठ्यात मोठं घ्या. ग्लॉक १९ची नळी चार इंचांची, पी३६५ची तीन इंचांवर थोडी. तो एक इंच कमी झाला की पुढची आणि मागची माशी जवळ येते आणि नेमातली चूक वाढते. वजन कमी, म्हणून झटका जास्त. मूठ आखूड, म्हणून करंगळी हवेत. म्हणजे लपवायला जे सोपं तेच चालवायला अवघड. नव्या माणसानं आधी ग्लॉक १९च्या मापाचं भाड्यानं घेऊन रेंजवर शे-दीडशे राऊंड चालवावेत, मग लहान चालवून बघावं. पाहुण्यांसमोर नव्हे, एकट्यानं. चारचौघांत प्रत्येकाला झटका कमीच लागतो.

(प्रश्न: आमच्या आईंसाठी दुकानदारानं पाच राऊंडांचं छोटं रिव्हॉल्व्हर सुचवलं. वापरायला सोपं म्हणाला.)

आई ग्रीन कार्डवर आहेत ना? मग सांगतो. सोपं दिसतं, कारण त्यात स्लाइड ओढायची नसते. पण त्याचा चाप लांब आणि जड असतो, अन् चारशे ग्रॅमचं हत्यार .३८चा झटका सगळा तळहातात देतं. संधिवाताच्या बोटांना तो चाप शेवटपर्यंत ओढवत नाही. आईंना स्वतःला रेंजवर घेऊन जा. त्या म्हणाल्या ‘नको बाई’, तर विषय संपला. भेट म्हणून द्यायची ही वस्तू नाही.

आता होल्स्टर. पिस्तुलावर सहाशे डॉलर घालणारा माणूस होल्स्टरवर वीस घालतो, हे मी इथं फार बघितलं. होल्स्टर कडक हवा. चापाभोवतालचा भाग पूर्ण झाकणारा हवा. पिस्तूल काढल्यावरही त्याचं तोंड उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे परत ठेवताना कापडाची घडी चापात जाणार नाही. आणि पट्टा जाड हवा, ऑफिसचा पातळ पट्टा वजनानं खाली येतो. सैल पिस्तूल खिशात टाकून, त्याच खिशात किल्ल्या ठेवून कोणी फिरत असेल तर त्यानं उद्यापासून ते घरीच ठेवावं. जागेचं म्हणाल तर पोटावर की उजव्या खुब्यामागं, यावर इथं पंथ आहेत. आपल्या वयात पोटावर जागा आधीच भरलेली असते. (हशा) हसू नका, बसल्यावर नळीचं तोंड कुठं येतं ते आरशात बघा. ह्यूस्टनच्या ऑगस्टात जाकीट चालत नाही, म्हणून एक माप मोठा, गडद, नक्षीचा शर्ट घ्या. रिकाम्या पिस्तुलासह घरात आठवडाभर वावरा. टोचतं तिथं माणूस सारखा हात लावतो, आणि हात लावला की सगळ्यांना कळतं.

(प्रश्न: आम्ही साडी किंवा सलवार-कमीज घालतो. पट्टा कुठून आणायचा? मग पर्सच ना?)

कमीजखाली पोटाला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, पण चाप झाकणारं कडक कवच त्यात असेल तरच घ्या. साडीवर मला पटेल असा उपाय मी अजून बघितला नाही. पर्स मात्र नको. पर्स टेबलावर राहते, गाडीत राहते, पोरांच्या हाताला लागते. डिसेंबर २०१४मध्ये आयडाहो राज्यात एका दुकानात दोन वर्षांच्या मुलानं आईच्या पर्समधलं पिस्तूल चालवलं. आई जागच्या जागी गेली. ती पर्स पिस्तूल ठेवायलाच बनवलेली होती, आणि आईला हत्यारांची चांगली सवय होती. ज्या दिवशी साडी, त्या दिवशी पिस्तूल घरी कुलपात, एवढंच मी सांगेन.

हे मंडळालाही लागू आहे. आपले गणपती, नाटकं, दिवाळीपहाट बहुतेक शाळांच्या सभागृहांत होतात. शाळेच्या इमारतीत पिस्तूल न्यायला बंदी आहे, हे आयोजकांनी निमंत्रणातच छापावं. देवळाच्या, दुकानाच्या दारावरच्या पाट्या वाचा. ३०.०५, ३०.०६, ३०.०७ असे आकडे दिसले तर थांबा, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. परवाना सक्तीचा नसला तरी काढा. त्या वर्गात हे सगळं शिकवतात, नेम तपासतात, आणि दुसऱ्या अनेक राज्यांत तो परवाना चालतो. आता म्हणाल, शाळेत जाताना गाडीत ठेवू. गाडीत ठेवलेली पिस्तुलं सर्रास चोरीला जातात. ठेवायचंच असेल तर सीटच्या लोखंडाला साखळीनं जखडलेल्या पेटीत.

(प्रश्न: तुम्ही औंधचे. गांधीजींच्या सल्ल्यानं जिथं स्वराज्याचा प्रयोग झाला त्या संस्थानातले. आणि आम्हाला पिस्तूल निवडायला शिकवता, हे तुम्हाला विचित्र वाटत नाही?)

वाटतं की. आमच्या संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर वसवलं. शिक्षा झालेले कैदी, खुनाचेसुद्धा, भिंतीशिवाय राहतात, शेती करतात, बायकापोरांना बरोबर ठेवतात. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच निघाला. ती वसाहत आजही चालू आहे. मी तिथं गेलोय, शेतातली ताजी भाजी घेऊन आलोय. पण स्वतंत्रपूर मॉरिस फ्रीडमननं सुचवलं आणि राजानं ते केलं, ते राज्याचं काम होतं. तुमच्या घरापुरतं तुम्हीच ठरवायचंय. घ्यायचं नाही ठरवलंत तर मला आनंदच आहे. आणि घेतलंत, तर ते ढिलं लटकलेलं मला बघवणार नाही. दोन्ही एकाच माणसाला वाटू शकतं.

(प्रश्न: आम्ही दोन वर्षांत कायमचे पुण्याला परतणार आहोत. पिस्तूल बरोबर नेता येईल का?)

नऊ मिमी असेल तर तो विषय काढूच नका, इथंच परवानेवाल्या दुकानदाराला विकून या. पण पिस्तुलापेक्षा मला काडतुसाची काळजी वाटते. रेंजवर नेलेल्या बॅगेच्या शिवणीत एक राऊंड राहतो, महिन्यांनी तीच बॅग घेऊन माणूस लग्नाला भारतात येतो, आणि विमानतळाच्या क्ष-किरणात ते दिसतं. एकाच काडतुसावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, विमान जातं, लग्न जातं, आणि पुढं तारखा. रेंजची बॅग वेगळी ठेवा, तिला लाल फीत बांधा आणि ती प्रवासाला कधीच नेऊ नका. सुट्टीला जाणाऱ्यांनी आज घरी गेल्यावर आधी बॅगांचे कप्पे उलटे करून झटका.