दारातले झाड निवडताना

श्रोतेहो, मुंबईच्या गिरगावातल्या वाड्यांची नावे आपण ऐकली असतील. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी. जरा पलीकडे जांभूळवाडी. लालबागच्या शेजारी चिंचपोकळी आणि दादरच्या पूर्वेस वडाळा. परळ हे नाव पाडळीच्या झाडावरून पडले असावे, असेही काही अभ्यासक मानतात. ज्या गावाने आपले पत्ते झाडांवरून सांगितले, त्या गावात आज फणसवाडीत फणस कुठे आहे असे विचारलेत, तर लोक भाजीबाजाराकडे बोट दाखवतील!

आता तुम्ही म्हणाल, आम्ही खेड्यातली माणसे, मुंबईच्या वाड्यांशी आमचा काय संबंध? संबंध असा की, तिथे जे घडले तेच हळूहळू आपल्याकडेही घडत आहे. शाळेच्या पटांगणात फरशी आली, घराच्या अंगणात काँक्रीट आले, आणि झाडाला जागा राहिली ती एकाच खड्ड्यापुरती. दहा झाडे लावायची असती तर एखादे चुकले तरी चालून गेले असते. एकच लावायचे, तर ते विचार करूनच लावले पाहिजे.

ही निवड चुकली तर ती कधीकधी जिवावर बेतते. चेंबूरला २०१७ साली रस्त्याने चाललेल्या एका बाईंच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि त्यात त्यांचा अंत झाला. ५ ऑगस्ट २०२० रोजी कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे सुटले, आणि दक्षिण मुंबईत ठिकठिकाणी झाडे उन्मळून पडली. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने तेच केले. लोक म्हणतात, झाडे धोकादायक. मला हे पटत नाही. बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतायचे, केबलसाठी मुळे तोडायची, एकाच बाजूच्या फांद्या छाटायच्या, आणि मग झाड पडले की दोष झाडाला! दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ साली द्यावा लागला. म्हणजे एवढी साधी गोष्टसुद्धा हुकुमावाचून कोणी करीत नाही.

तेव्हा झाड आवडीने निवडा, पण आधी जागा पाहा. भिंत किती लांब, पाण्याचा नळ आणि शौचाची टाकी कुठे, वरून विजेची तार जाते का? वड-पिंपळ देवळाच्या पारावर शोभतात. घराच्या भिंतीजवळ त्यांची मुळे चिरा फोडतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फुलतो तेव्हा डोळ्यांचे पारणे फिटते, पण त्याची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. मैदानाच्या कडेला जरूर लावा, वर्गाच्या कौलांवर मात्र नको. शेवग्याच्या शेंगा कोणाला नकोत? पण मुले त्याच्या फांदीवर चढणार नाहीत, हे पाहणारा कोणी तरी हवा. आणि अशोक म्हणून जे उंच, सरळ, सावली न देणारे झाड रोपवाटिकेत गळ्यात मारतात, तो आसोपालव. सीतेचा अशोक निराळा. त्याला केशरी फुलांचे झुबके येतात, थोडी सावली आणि भरपूर पाणी लागते.

मला विचाराल तर लहान जागेसाठी मी बकुळ सांगेन. वाढते सावकाश, हा तिचा दोष म्हणतात. मी त्याला गुण म्हणतो, कारण सावकाश वाढलेले लाकूड घट्ट असते. बाराही महिने पाने हिरवी, सावली दाट, समुद्राचा खारा वारा तिला सोसतो. पहाटे फुलांचा सडा पडतो, आणि फूल वाळले तरी वास जात नाही. फुलाला मधोमध भोक असल्यामुळे मुली ती सहज दोऱ्यात ओवतात. फुलांचा रंग हवा असेल तर ताम्हण लावा. ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळाजर्द होतो, पण त्याआधी पाने झडतात, आणि केर काढायची तयारी ठेवावी लागते.

खड्डा मेमध्येच घ्या. दोन-तीन फूट लांब, तितकाच रुंद आणि खोल, आणि तो चांगला उन्हात तापू द्या. गिरगाव-परळकडे खणले की विटांचे तुकडे आणि चुना निघतो. तो सगळा भराव बाहेर काढून चांगली माती आणावी लागते. मातीत कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळा. मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली की रोप लावा. पिशवी फाडून काढा, तशीच पुरू नका. मुळे गोल गुंडाळली असतील तर हाताने मोकळी करा. पिशवीत जिथवर माती होती, तिथवरच रोप पुरावे. खोल गाडलेले खोड कुजते. शेजारी काठी रोवून सुतळी सैल बांधा, आणि दरवर्षी ती सोडून पुन्हा बांधा, नाहीतर तीच सालीत रुतते.

शिक्षक मित्रांनो, लावण्याचा समारंभ जूनमध्ये होतो, फोटोही निघतो. रोप मरते ते बहुधा पुढच्या मार्चमध्ये. मुंबईत पाऊस भरपूर, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने रोप तुमच्या बादलीवर जगते. म्हणून लावण्याआधीच ठरवा, दिवाळीनंतर पाणी कोण घालणार आणि मेच्या सुट्टीत कोण. शाळेजवळच्या एखाद्या घराला ते काम आधीच सांगून ठेवा. पहिली दोन वर्षे आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी, आणि बुंध्याभोवती, खोडाला न टेकवता, वाळक्या पाल्याचे आच्छादन. तिसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा घातले तरी चालते.