पाण्याची पाळी आणि गावाची जबाबदारी

(पंचवटी, नाशिक येथे सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक आणि पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पंचवटीचे नाव घेताच यात्रेकरूच्या डोळ्यांपुढे रामकुंड, सीतागुंफा आणि काळाराम मंदिर उभे राहते. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याला मात्र या स्थानाची आणखी एक ओळख आहे. दिंडोरी आणि पेठ या रस्त्यांनी भाजीपाल्याच्या गाड्या येथे येतात, बाजार समितीच्या आवारात मेथी-कोथिंबिरीचे लिलाव होतात आणि तोच माल पुढे मुंबईकडे रवाना होतो. त्या आवारात ठेवलेल्या प्रत्येक जुडीमागे शेतकऱ्याचे कष्ट असतात, हे सर्वांना दिसते. तिच्यामागे कोणत्या तरी धरणाचे, पाटाचे वा विहिरीचे पाणी असते, आणि ते पाणी अनेकांनी वाटून घेतलेले असते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. ग्रामीण जीवनात व्यक्तीची जबाबदारी कोठे संपते आणि समूहाची कोठे सुरू होते, याचा विचार करावयाचा असेल तर पाण्याच्या पाळीइतके बोलके उदाहरण दुसरे मिळणार नाही.

फडाची शिस्त

लोकसहभाग हा शब्द शासकीय परिपत्रकांतून रूढ झाला असला, तरी ती वस्तू महाराष्ट्राला नवी नाही. नाशिक जिल्ह्यातील बागलाण भागात मोसम आणि आरम या नद्यांवर, तसेच धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धतीने शेती भिजत आली. तिचा इतिहास काही शतकांचा आहे. नदीवर दगडी बंधारा घालावयाचा, त्यातून पाट काढावयाचा आणि पाटाखालील जमिनीचे साधारणतः चार फड पाडावयाचे, अशी ही रचना. एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाई. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही, असा क्रम ठरे आणि तो दरवर्षी फिरता राही. शेतकऱ्याची जमीन बहुधा एकाच ठिकाणी नसून निरनिराळ्या फडांत थोडी थोडी विभागलेली असे. त्यामुळे पाऊस कमी झाला आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर त्याची झळ एकट्यादुकट्याला न लागता सर्वांना थोडी थोडी लागे.

या व्यवस्थेचा कारभार गावाने निवडलेले पंच पाहत. पाणी देण्यासाठी पाटकरी, राखणीसाठी जागल्या, देखरेखीसाठी हवालदार अशी माणसे नेमलेली असत आणि त्यांचा मोबदला शेतकरी धान्याच्या रूपाने देत. पाण्याला पाटकऱ्यानेच हात लावावा, शेतमालकाने स्वतः बारे फोडू नये, असा दंडक होता. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढण्यासाठी प्रत्येक घरातून माणूस येई, न येणाऱ्यास दंड भरावा लागे.

या पद्धतीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. फडाची शिस्त केवळ सद्भावनेवर उभी नव्हती. नियम सर्वांना ठाऊक होते, त्यांचे उल्लंघन लगेच दिसत होते आणि दंड गावकऱ्यांनीच ठरविलेला होता. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, ज्याला त्याला स्वतःचे पाणी मिळू लागले; तसतसे पंचांच्या शब्दाचे वजन घटत गेले आणि अनेक ठिकाणी फड मोडले. एकमेकांची गरज संपली, असे वाटू लागताच समूहाचे बंधन सैल होते, हा त्यातील खरा धडा आहे.

ओझरचा अनुभव

पंचवटीपासून सुमारे 20 किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावर ओझर हे गाव आहे. दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाडचे धरण झाले. त्याच्या उजव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला ओझरची जमीन येते. धरण झाले, कालवा झाला, कागदावर जमीन ओलिताखाली आली. परंतु शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचेना. कालव्याच्या वरच्या भागात पाणी मुबलक वापरले जाई, वाटेत गळती होई आणि टोकाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कोरडी चारी येई. महाराष्ट्रातील कितीतरी कालव्यांची ही कहाणी आहे.

अशा प्रसंगी दोन मार्ग सर्वांच्या परिचयाचे असतात. एक अर्जविनंत्यांचा, दुसरा मोर्चाचा. ओझर येथे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून तिसरा मार्ग शेतकऱ्यांपुढे ठेवला. पाणी मोजून घ्यावे, त्याचे वाटप स्वतः करावे, पाणीपट्टी स्वतः गोळा करावी आणि शासनाकडे एकत्रित भरावी, असा तो मार्ग होता. 1990 नंतरच्या पहिल्या वर्षांत महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणीवापर संस्था सहकारी तत्त्वावर उभ्या राहिल्या आणि पाटबंधारे खात्याशी करार होऊन त्यांचा कारभार सुरू झाला.

हे काम बोलण्याइतके सोपे नव्हते. आजवर शासनाकडून मागावयाचे, ते आता आपल्याच शेजाऱ्याकडे मागावे लागणार होते. थकबाकीदाराच्या दारात तलाठ्याऐवजी संस्थेच्या संचालकाने जावयाचे होते, आणि तो थकबाकीदार कित्येकदा भाऊबंद असे. पाळी चुकविणाऱ्याला अडविण्यात वाईटपणा होता. हा वाईटपणा पत्करण्याची तयारी काही माणसांनी दाखविली, म्हणून संस्था टिकल्या. पाणी हेक्टरवर न मोजता घनमापाने घेतले जाऊ लागले, तेव्हा वाया जाणारे पाणी म्हणजे आपलाच पैसा, हे प्रत्येकाच्या लक्षात आले. ओढ्या-नाल्यांवर लहान बंधारे घालून त्यांत कालव्याचे पाणी सोडण्यात आले आणि त्यामुळे परिसरातील विहिरींना पाझर वाढला. विहिरीचे पाणी उपसणाऱ्यानेही संस्थेकडे आकार भरावा, कारण त्याच्या विहिरीतील पाणी कालव्याच्या पाझराचे आहे, हे तत्त्व शेतकऱ्यांनी मान्य केले. आपल्या विहिरीवर आपलीच सत्ता, असे पिढ्यान्पिढ्या मानीत आलेल्या शेतकऱ्याने हे स्वीकारावे, ही लहान गोष्ट नव्हे.

टोकाच्या तीन संस्थांपासून सुरू झालेले हे काम हळूहळू कालव्याच्या वरच्या भागाकडे पसरले. संपूर्ण प्रकल्पावर 24 संस्था झाल्या, त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली आणि 2003 च्या सुमारास वाघाड प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. राज्याने 2005 मध्ये महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम संमत केला. कालव्याच्या शिर, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांतील शेतकऱ्यांना संचालक मंडळात स्थान असावे, ही त्यातील तरतूद टोकाच्या शेतकऱ्याची व्यथा ओळखणारी आहे.

टोक कोणाचे?

ओझरच्या शेतकऱ्याने जे मागितले ते न्याय्य होते, याविषयी येथे दुमत नसेल. परंतु न्यायाचे एक लक्षण असे की, तो आपल्याला सोयीच्या ठिकाणी थांबत नाही. ओझर हे वाघाडचे टोक. तसे नाशिक जिल्ह्यातील धरणांचे टोक पैठणला आहे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली गोदावरी रामकुंडावरून पुढे नाथसागराला मिळते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, 2005 याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व मांडले आहे, आणि तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा प्रसंग येतो तेव्हा नाशिक परिसरात अस्वस्थता पसरते. ती स्वाभाविक आहे. द्राक्षबागेला घातलेले भांडवल आणि डोक्यावरचे कर्ज शेतकऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. तरीही चारीच्या टोकाला जो नियम हवासा वाटतो, तो खोऱ्याच्या टोकाला नकोसा वाटू नये, एवढे तरी विचारी माणसाने कबूल केले पाहिजे.

पाणी थोडे असते तेव्हा गावातही हाच प्रश्न उभा राहतो. कूपनलिकेतून उपसा करून शेततळे भरणारा शेतकरी आपल्या मालकीच्या जमिनीतूनच पाणी घेतो. पण भूजल काही सातबाऱ्याच्या हद्दीपाशी थांबत नाही. त्याचे तळे भरते तेव्हा शेजारच्या वस्तीवरचा हातपंप आटलेला असू शकतो. कायद्याने जे करता येते ते सर्वच गावाच्या हिताचे असते असे नाही. हा विवेक ज्याचा त्यालाच बाळगावा लागतो.

गाव म्हणजे कोण?

‘गाव करील ते राव न करी’ अशी म्हण आहे. परंतु गाव म्हणजे कोण, हा प्रश्न पंचवटीत विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. 2 मार्च 1930 रोजी येथे काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालील या लढ्याची स्थानिक धुरा दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड यांनी वाहिली आणि तो सुमारे पाच वर्षे चालला. मंदिराचे दार उघडावे, एवढ्यापुरती ती मागणी नव्हती. ज्या समाजाचे श्रम गावाला चालतात, त्या समाजाला गावात माणूस म्हणून स्थान आहे की नाही, असा तो प्रश्न होता.

तोच प्रश्न आज निराळ्या रूपाने विचारावा लागतो. पाणीवापर संस्थेत जमीनधारक येतो. भूमिहीन शेतमजुराचे काय? सातबाऱ्यावर पतीचे नाव असते आणि रात्रीच्या पाळीला दारे धरायला पत्नीही जाते. तिचे मत कोठे नोंदले जाते? पंचायतीत 2011 पासून स्त्रियांना निम्म्या जागा राखीव झाल्या. महिला सरपंचाच्या खुर्चीशेजारी तिचा नातेवाईक बसून कारभार हाकतो, असे जेथे घडते तेथे राखीव जागा भरते, परंतु सहभाग मात्र रिकामाच राहतो.

तहकूब सभेचा अर्थ

गावाचा विचार एकत्र बसून व्हावा यासाठी ग्रामसभेची तरतूद आहे. वर्षातून किमान चार सभा व्हावयाच्या असतात आणि सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा अपेक्षित असते. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरेशी आहे. हजारो वस्तीच्या गावात शंभर माणसे जमू नयेत, आणि सभा तहकूब होऊन पुढे गणपूर्तीविना उरकली जावी, असे वारंवार का घडते? लोक उदासीन आहेत, हे त्याचे सोपे उत्तर झाले. सभेची वेळ शेतकामाच्या ऐन गर्दीची असते, विषयपत्रिका आदल्या दिवशी फलकावर लागते, मागील ठरावाचे काय झाले हे कोणी सांगत नाही, हेही उत्तराचे भाग आहेत. आपल्या बोलण्याने काही बदलते, असा अनुभव आला की माणसे येतात. ओझरच्या शेतकऱ्याला संस्थेच्या सभेला बोलवावे लागते ते आपल्या पाळीसाठी. ग्रामसभेतही गावकऱ्याला आपली पाळी दिसली पाहिजे.

प्रत्येकाचा वाटा

नाशिकला गाडगेबाबांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे, हा त्यांचा क्रम होता. त्यातील क्रम महत्त्वाचा आहे. आधी झाडणे आणि मग सांगणे. राज्याने 2000-01 पासून त्यांच्या नावाने ग्राम स्वच्छता अभियान राबविले, तेव्हा गावोगाव रस्ते स्वच्छ झाले, भिंती रंगल्या, बक्षिसे मिळाली. जेथे तपासणी समिती परतल्यावरही झाडू थांबला नाही, तेथेच अभियान रुजले असे म्हणता येईल.

अधिकाऱ्याने हे ओळखावे की, गावाने स्वतः घेतलेला लहान निर्णय हा वरून आलेल्या मोठ्या योजनेपेक्षा अधिक काळ टिकतो. म्हणून उद्दिष्टपूर्तीच्या घाईत सहीपुरता सहभाग गोळा करू नये. वाघाडवर अभियंत्यांनी आपला अधिकार शेतकऱ्यांच्या हाती दिला, त्यामुळे त्यांचे महत्त्व कमी झाले नाही. शिक्षकाने शाळेतील मुलांकडून गावातील विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर दोरीने मोजून घ्यावी आणि ते आकडे ग्रामसभेत वाचावेत. गणिताचा धडा गावाचा धडा होईल. पंचायत सदस्याने प्रत्येक सभेच्या आरंभी मागील ठरावांचा हिशेब द्यावा. आणि सामान्य गावकऱ्याने सार्वजनिक नळाची तोटी गळताना दिसली तर, ती कोणाची आहे हे विचारण्याआधी बंद करावी.

पाळी या शब्दाला मराठीत दोन छटा आहेत. पाणी घेण्याची पाळी असते, तशी काम करण्याचीही असते. पहिली पाळी कोणी विसरत नाही. तिच्यासाठी माणूस मध्यरात्री कंदील घेऊन बांधावर उभा राहतो. दुसरी पाळीही तितक्याच जागरूकतेने सांभाळली गेली, तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचण्यास वेळ लागणार नाही. येथे जमलेल्यांनी परत गेल्यावर आपल्या गावातील चारी टोकापर्यंत एकदा चालत जाऊन पाहावी. तेथे उभा असलेला शेतकरी, शेतमजूर वा हंडा घेतलेली स्त्री जे सांगेल, ते पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाने यावे.