पाच वॅट पुरे!

(गेल्या वर्षीच्या उत्सवात चौथ्या दिवशी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरते घेतले आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘इलेक्ट्रिक गिटारचे छोटे ॲम्प्लिफायर’ असा विषय वाचून आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला मांडवातच गाठले. म्हणाले, “अरे, तू सिग्नलचा डिप्लोमावाला. हे कधीपासून?” मी म्हटले, मुलाने शिकवले आणि शेजाऱ्यांनी पक्के करून घेतले!

झाले असे. चिरंजीव दहावी झाले आणि इलेक्ट्रिक गिटार हवी म्हणाले. ही गिटार नुसती वाजवली तर जेमतेम वाजवणाऱ्यालाच ऐकू येते. तिला ॲम्प लागतो. मी आपला मराठी मध्यमवर्गीय हिशेब केला, ‘घ्यायचे तर एकदाच मोठे घ्यावे’, आणि चाळीस वॅटचा जुना ॲम्प स्वस्तात उचलून आणला. आपल्या बिलासपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तो ठेवायला जागा नव्हती, म्हणून शेजारच्या क्वार्टरला लागून असलेल्या भिंतीशी टेकवला.

पलीकडे लोको पायलट राहतात. तिसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. डोळे लाल, पण आवाज अगदी शांत. म्हणाले, “भाईसाहब, रात को कोयला लेकर निकलना है. दो घंटा सो लेने दीजिए.” दार लावले आणि मी खालीच बसलो. मी सुरक्षेच्या खात्यातला माणूस. रनिंग स्टाफची झोप म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला हवे होते का? मुलाने काही न बोलता गिटार खोळीत घातली. पंधरा दिवस ती बाहेर आली नाही. ते मला जास्त लागले.

आवाज कमी का नाही केला, असे तुम्ही विचाराल. करून पाहिला. मोठ्या ॲम्पचे बटण एकावर ठेवले तर आवाज पिचका, दोनवर नेले तर भिंत हलते. मग मात्र मी कागद-पेन घेऊन बसलो.

तर मुद्दा पहिला, वॅटचा. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे पाच वॅटच्या दुप्पट मोठे ऐकू यायला पन्नास वॅट! गिटारचा साधा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर सहज ९० डेसिबल देतो. आणि आपल्या ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे वस्तीत दिवसा मर्यादा किती? ५५. रात्री ४५. तेव्हा घरच्या खोलीत एक वॅटसुद्धा भरपूर झाला. चाळीस वॅट म्हणजे चहा करायला हलवायाची भट्टी पेटवणे.

छोटा म्हणजे हलका, असेही नाही. पिगनोज नावाचा पाच वॅटचा, सहा पेन्सिल सेलवर चालणारा डबा अमेरिकेत १९७० च्या दशकात निघाला, तो नामांकित वादकांनीही वापरला. एरिक क्लॅप्टनच्या १९७० च्या ‘लैला’ अल्बममध्ये फेंडर चँपसारखे छोटे ॲम्प वाजले आहेत. रोलंडचा मायक्रो क्यूब निघाला तेव्हा दोनच वॅटचा होता. व्हॉक्सचा ॲमप्लग तर काडेपेटीहून थोडा मोठा. तो गिटारलाच खोचायचा आणि हेडफोन लावायचा.

दुसरा मुद्दा. घरी म्युझिक सिस्टिम आहे, त्यालाच गिटार जोडू का? नको. गिटारच्या पिकअपमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्याला सुमारे दहा लाख ओहमचे इनपुट लागते. सिस्टिमचे इनपुट त्याहून फार कमी, त्यामुळे सुराची धार जाते. शिवाय गिटारचा स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही देतच नाही. सिस्टिमचा ट्वीटर ते सगळे ऐकवतो आणि गेन वाढवला की डब्यात माशी अडकल्यासारखे वाटते.

तिसरा मुद्दा, घेताना काय पाहावे. हेडफोनची जागा हवीच, आणि तो लावल्यावर स्पीकर बंद होतो का, हे दुकानात पाहावे. गेन आणि व्हॉल्यूम अशी दोन बटणे वेगळी हवीत, म्हणजे हळू आवाजातही खरखरीत सूर मिळतो. मोबाईलवरचा ठेका जोडायला एक इनपुट असावे. ॲडॉप्टरवर चालणारा असेल तर व्होल्टेज आणि पिनचे प्लस-मायनस जुळवूनच लावा. तीन पिनांचा असेल तर घरचे अर्थिंग तपासा. गूं आवाज येतो म्हणून अर्थची पिन काढणारे महाभाग असतात. तसे कधीही करू नका, गिटारच्या तारा हातात असतात! ॲम्प सामाईक भिंतीपासून दूर, स्टुलावर जाड फोम घालून ठेवा. आणि हेडफोन कानावर आहे म्हणून आवाज चढवू नका, कान एकदाच मिळतात.

असो. मोठा ॲम्प विकला आणि त्याच पैशात थोडी भर घालून पाच वॅटचा नवा आणला. त्या दिवशी मुलाला घेऊन मी शेजारी गेलो. लोको पायलट साहेबांची त्या महिन्याची लिंक विचारून घेतली आणि फ्रिजवर लावली. ते झोपलेले असले की हेडफोन, लाईनवर गेले की स्पीकर. कधी लिंक बदलली तर वहिनी खिडकीतून सांगतात. गेली दोन वर्षे रोज तासभर रियाज चालू आहे, आणि दारावर पुन्हा थाप पडलेली नाही.

म्हणजे, एकदा पडली. परवा पहिल्या दिवशी आरतीनंतर मुलाने इथे गिटार वाजवली, ती तुम्ही ऐकलीच. मांडव एवढा मोठा, पण ॲम्प तोच पाच वॅटचा होता. त्याच्यापुढे फक्त मंडळाचा माईक ठेवला होता. आवाज मोठा करणे हे मांडवाच्या साऊंडचे काम आणि सूर तयार करणे हे डब्याचे. दुसऱ्या दिवशी सकाळी थाप पडली. साहेब ड्युटीवरून नुकतेच आले होते, बॅग खांद्यालाच होती. म्हणाले, “सुना है लड़के ने कल अच्छा बजाया. हम तो लाइन पर थे.” मुलाने गिटार काढली. मी म्हटले, आधी झोपू दे रे त्यांना. तर ते म्हणाले, “नींद बाद में.”

तेव्हा पालकहो, मुले मागतील तेव्हा नाही म्हणू नका. फक्त छोटा घ्या.

गणपती बाप्पा मोरया!