डोक्याला मार लागलेला जवान आणि त्याचे गाव

जवानाचा पाय गेला तर ते साऱ्या गावाला दिसते. पुण्याच्या लष्करी कृत्रिम अवयव केंद्रात १९४४ पासून अशा जवानांना पाय बसवून देतात. तिथे आधी माप घेतात, मग कामाला लागतात. पण सुरुंगाच्या धक्क्याने किंवा गाडी उलटून मेंदूला मार बसला, तर वरून काही दिसत नाही. जवान धडधाकट घरी येतो. पण सांगितलेले विसरतो, गलबला सोसत नाही, उगाच चिडतो, रात्र रात्र जागतो. लोक म्हणतात, "पलटणीत जाऊन बिघडला." अहो, तो बिघडलेला नाही, जखमी आहे.

या जखमेवर उपाय आहेत. अंगाचा व्यायाम, बोलण्याचा सराव, आठवणीसाठी युक्त्या आणि मनाला आधार. पण समजा, सारख्याच जखमेचे दोन जवान आहेत. एक मोठ्या लष्करी रुग्णालयाजवळ राहतो; त्याचा सराव चालू राहतो. दुसरा परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करीत धारणीला घरी येतो आणि सराव तिथेच थांबतो. जखमेप्रमाणे उपचार बदलला तर ते योग्यच. गावाप्रमाणे बदलला, तर तो अन्याय.

हे दुखणे आपलेच नाही. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात शेजारशेजारच्या भागांत टॉन्सिल काढण्याचे प्रमाण फार निरनिराळे असल्याचे जॉन वेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्याने १९७३ साली दाखवले. फरक रोगाचा कमी, डॉक्टरांच्या रिवाजाचा अधिक. पुढल्याच वर्षी ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी मेंदूच्या जखमेला एक माप दिले. रोगी डोळे कधी उघडतो, बोलतो काय, हातपाय कसे हलवतो, ते पाहायचे. आज त्याचे ३ ते १५ गुण धरतात. धारणीत लिहिलेला आकडा पुण्यातही कळतो.

मात्र सारखे म्हणजे आंधळेपणाने सारखे नव्हे. कोरकू बोलणाऱ्याला मराठीत विचारले आणि तो गप्प राहिला, तर दोष मेंदूचा की भाषेचा? प्रश्न तोच ठेवा, भाषा त्याची घ्या.

आता आपले काम. रुग्णालयातून निघताना कोणता सराव, किती दिवस, पुन्हा कधी दाखवायचे, हे लिहून घ्या. माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे; अमरावतीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. गुरुजी, घरच्यांना एक वही घालून द्या. दर आठवड्याला, ठरल्या वारी, चारच गोष्टी लिहायच्या: झोप, डोकेदुखी, विसर, राग. डॉक्टर बदलला तरी वही बदलत नाही.

दारू बंद. मोटारसायकलवर हेल्मेट हवेच. दुसरा मार पहिल्याहून वाईट ठरू शकतो. डोकेदुखी वाढली, उलट्या, फिट किंवा गुंगी आली, तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठा.

सीमेवर पहारा वाटताना धारणीचा कोण, पुण्याचा कोण, हे कुणी पाहिले नव्हते. उपचार वाटतानाही ते पाहू नये.