आकडा पुढे पाठवण्याआधी



‘मुसलमानांची लोकसंख्या वाढते, कारण त्यांचा धर्मच तसा आहे.’ हा मेसेज तुमच्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी आलेला असेल. त्यावर आपण चिडतो, नाहीतर तितकाच बिनबुडाचा आकडा उलट पाठवतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, डेटाशी रोजचा संबंध. म्हणून आज तिसरा रस्ता सांगतो : आकडा मुळातून तपासण्याचा.

धर्म हेच कारण असेल, तर मुस्लिमबहुल देशांत जन्मदर कायम चढा राहायला हवा. जागतिक बँकेची आकडेवारी काय सांगते? 1970च्या सुमारास बांगलादेशात एका स्त्रीला सरासरी सहाहून जास्त मुलं होत. आज ती सुमारे दोन आहेत. इराणमध्ये 1980च्या दशकाच्या सुरुवातीला सहाहून जास्त होती, 2000च्या सुमारास दोनच्या आसपास आली. धर्म तोच राहिला. मुलींचं शिक्षण, आरोग्यसेवा आणि कुटुंबनियोजनाची साधनं घरापर्यंत पोचली.

आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1992-93 मध्ये मुस्लिम स्त्रियांचा प्रजननदर 4.4 होता, हिंदू स्त्रियांचा 3.3. 2019-21 मध्ये ते 2.4 आणि 1.9 झाले. फरक अजून आहे, तो लपवू नका. पण तो अर्ध्याहून कमी झाला, हेही ठामपणे सांगा.

हे शोधायचं कुठे? जागतिक बँकेचा डेटा 2010पासून सर्वांना मोफत आहे, पण त्यातल्या बहुतेक मालिका 1960पासून सुरू होतात. त्याआधीचं हवं असेल तर ग्रंथालय गाठावं लागतं. ब्रायन मिचेल यांच्या ‘इंटरनॅशनल हिस्टॉरिकल स्टॅटिस्टिक्स’च्या खंडांत 1750पासूनचे आकडे देशवार मिळतात. संयुक्त राष्ट्रांची जुनी सांख्यिकी वार्षिकं असतात. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय अशा अभ्यासासाठीच ओळखलं जातं. तुम्ही विद्यार्थी असाल, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने कोणते डेटाबेस घेतलेत आणि घरून लॉगिन मिळतं का, हे विचारा. ग्रंथपालांकडे ‘मुस्लिम देशांची माहिती द्या’ असं मोघम मागू नका. देश, विषय, वर्षं सांगा : इराण, जन्मदर, 1950 ते 2000.

आकडा हाती आला की आधी तळटीप वाचा. 1961च्या जनगणनेत पाकिस्तानची लोकसंख्या सुमारे 9 कोटी 38 लाख होती, 1972च्या जनगणनेत साडेसहा कोटी. माणसं गेली कुठे? कुठेच नाही. मधल्या काळात बांगलादेश स्वतंत्र झाला, आणि 1961चे निम्म्याहून जास्त लोक तिथले होते. व्याख्येचंही तसंच. 2011मध्ये भारताची साक्षरता 73 टक्के, पण ती 7 वर्षं आणि त्यावरील लोकांची. बहुतेक आंतरराष्ट्रीय तक्ते 15 वर्षं आणि त्यावरील लोकांची मोजतात. त्या मापाने आपण 69 टक्क्यांवर येतो. दोन देशांना दोन मापं लावली, तर तुलना खोटी ठरते, मग ती आपल्या बाजूची का असेना.

आपल्याबद्दलचा खोटा आकडा आपल्याला लागतो. मग आपल्या सोयीचा खोटा आकडाही तितकाच लागला पाहिजे. घरी जाऊन प्रत्येकाने असा एक मेसेज निवडा, ग्रंथालयात जा, आणि वर्ष, व्याख्या, स्रोत यांसह उत्तर लिहा. पुढच्या बैठकीत आपण ती एकत्र वाचू.