परसबाग गटाची, रोग सर्वांचा
(परसबाग गटाच्या मेळाव्यातील भाषण)



वैशाख सरत आला की परसबागेची रया जाते. भेंडी निबर होते, विहीर तळाला जाते आणि ‘आता मृगावरच बघू’ म्हणून आपण बागेकडे पाठ फिरवतो. घरामागच्या चार वाफ्यांत हे एक वेळ खपते. गटाच्या बागेत खपत नाही. वाफे आपण वाटून घेतले, पांढऱ्या माशीला ती वाटणी ठाऊक नाही.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसू लागली, तर तो हळद्या रोग समजावा. काही भागांत त्याला केवडाही म्हणतात. हा विषाणूजन्य रोग असून पांढरी माशी तो पसरवते. रोगट झाड बरे करणारे औषध नाही. फवारणीने मरते ती माशी. म्हणून असे झाड उपटून बागेबाहेर पुरावे. ‘पुसा सावनी’ ही जात एके काळी या रोगाला दाद देत नसे, पुढे तीही बळी पडू लागली. तेव्हा केवळ जातीच्या भरवशावर राहू नये.

विद्यार्थीदशेत मीही चार जुनी झाडे बियाण्यासाठी राखली होती. शेजारच्या वाफ्यातील खरिपाची भेंडी महिनाभरात पिवळी पडली. दोष माझ्याच झाडांचा, हे सिद्ध करता येणार नाही. पण शेजारी पूर्वी वांगी आणून देई, ते त्याने बंद केले.

यासाठी गटाने बैठकीत एक दिवस ठरवावा. रोहिणी निघण्यापूर्वी सर्वांनी मिळून जुनी भेंडी काढावी, कोणाच्याही वाफ्याला सूट नको. बांधावरची रानभेंडी व पेटारीही त्याच दिवशी उपटावी. नवी पेरणी त्यानंतरच करावी.

वांगी ठेवायची असल्यास सुकलेले शेंडे अळीसह खुडून नष्ट करावेत. झाडाच्या बुडाशी पाचटाचे आच्छादन द्यावे व पाणी सकाळी लवकर द्यावे. पांढऱ्या माशीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा: अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून गाळावी, एकूण १० लिटर द्रावण करावे आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. पावसाळ्याच्या तोंडावर झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. तो वाया न घालवता धुऊन सावलीत सुकवून ठेवावा.